नवा पीसी घरी जोडला, बटण दाबलं तर ढिम्म! कुठून तपासू?

सड्यावरचा
मंडळी, मदत हवी आहे. लेक आर्किटेक्चरला जाणार, म्हणून तयार डबा न घेता सुटे भाग आणून आम्ही दोघांनी घरीच पीसी जोडला. काही सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं, काही ऑनलाइन मागवलं. यादी अशी:

रायझन ५ ७६०० आणि त्याच्याच खोक्यातला कूलर
बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (नेहमीच्या एटीएक्स मापापेक्षा लहान) मदरबोर्ड
डीडीआर५ रॅम, १६ जीबीच्या दोन पट्ट्या
६५० वॉटचा गोल्ड रेटिंगवाला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), सेमी मॉड्युलर, म्हणजे काही वायरी सुट्या
१ टीबी एनव्हीएमई ड्राइव्ह
ग्राफिक कार्ड सध्या नाही

भिंतीवरचं बटण चालू केलं की मदरबोर्डच्या कडेला एक बारीक दिवा लागतो. कॅबिनेटचं बटण दाबलं की काही म्हणजे काही होत नाही. पंखा हलतसुद्धा नाही. २४ पिनवाला आणि प्रोसेसरचा ८ पिनवाला कनेक्टर काढून पुन्हा टक आवाज येईपर्यंत बसवले. इथला, रत्नागिरीतला ओळखीचा दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "बोर्ड गेला, परत पाठवा." न बघता याला कसं कळलं कोण जाणे. बोर्ड पाठवायचा तर सगळं उसकटावं लागेल. त्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो.

गोंधळी
एसएमपीएसच्या पाठीवरचं बटण चालू आहे ना? ह.घ्या. (हलकेच घ्या) पण अर्ध्या केसेस तिथेच सुटतात.

खवचट_मुंगी
नारळ फोडला होता का? नसेल तर बोर्डाचा काय दोष.

वीजमीटर
@गोंधळी, त्यांच्या बोर्डावर दिवा लागतोय, म्हणजे मागचं बटण चालूच आहे. नीट वाचा की राव.

सड्यावरचा, तुम्ही दिव्याचं लिहिलंत ते बरं केलंत, त्याने निम्मं काम झालं. एटीएक्स एसएमपीएसला भिंतीतून वीज मिळाली की पीसी बंद असतानाही तो एक ५ व्होल्टची लाइन जिवंत ठेवतो. तिला स्टँडबाय म्हणतात, वायरी रंगीत असतील तर जांभळी. तुमचा दिवा त्यावर लागतो. म्हणजे सॉकेट, पॉवर कॉर्ड, मागचं बटण हे सगळं यादीतून बाद.

आता बटण दाबल्यावर काय व्हायला हवं ते बघा. कॅबिनेटचं बटण बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं, बाकी काही करत नाही. बोर्डाला ते कळलं की तो २४ पिनमधली १६ नंबरची पिन (हिरवी वायर) शून्यावर ओढतो. ते बघून एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मोठ्या लाइनी सुरू करतो. सगळे व्होल्टेज जागेवर आले की राखाडी वायरीवरून बोर्डाला 'ठीक आहे' असा निरोप देतो, आणि मग प्रोसेसर जागा होतो. या साखळीत कडी कुठे तुटली ते शोधायचं.

अजून एक. रॅम, प्रोसेसरच्या पिना, बायॉस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) वगैरे सल्ले आता येतील. त्यांचा त्रास बहुतेक वेळा 'पंखे फिरतात पण स्क्रीन काळी' असा दिसतो. तुमचं तसं नाही. सध्या ते बाजूला ठेवा.

विदर्भवीर
रॅम काढून खोडरबरने घासून बघा. माझा त्यानेच चालू झाला होता.

वीजमीटर
बघा, आलाच. :)

लॅमिंग्टनकर
मी बरीच वर्षं असेंब्लीच केली आहे. माझी पद्धत सरळ आहे. सगळं बाहेर काढा. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, एवढंच जोडा. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये आहे, त्यामुळे कार्डाची गरज नाही. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा.

चालू झालं तर दोष कॅबिनेटमध्ये. माझा संशय पितळी स्टँडऑफवर आहे, म्हणजे बोर्ड ज्या उंच स्क्रूंवर बसतो त्यांच्यावर. मोठ्या कॅबिनेटला पूर्ण एटीएक्सच्या मापाचे स्टँडऑफ कंपनीतूनच बसवून येतात. मायक्रो एटीएक्स बोर्डाला भोकं कमी, मग एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि तिथे शॉर्ट. असे शॉर्ट मी पोत्याने बघितलेत.

मीटरवाली_अवंतिका
पद्धत बरोबर, पण ही शेवटची पायरी आहे. बाहेर काढण्याआधी दोन तपासण्या जागच्या जागी होतात, त्या आधी करा.

पहिली, एसएमपीएस एकटा चालतो का. २४ पिन बोर्डातून काढा, प्रोसेसरचीही काढा. मेन्स बंद करून कागदाच्या क्लिपने १६ नंबर आणि शेजारची काळी (ग्राउंडची) वायर जोडा. मग मेन्स चालू. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात, म्हणून तुमच्या मॉडेलची आकृती बघूनच १६ नंबर आणि ग्राउंड शोधा, अंदाजाने नको.

दुसरी, कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी बोर्डावरून काढून, बोर्ड आत असतानाच, स्क्रूड्रायव्हरने त्या दोन पिना टेकवा. तिथे दोन-पाच व्होल्टचा मामला आहे, झटका वगैरे नाही. फक्त शेजारच्या यूएसबीच्या पिनांना टोक लागू देऊ नका, तिथे खरे ५ व्होल्ट असतात.

कोथरूडचा_काका
एवढी यातायात कशाला? दुकानदाराला थोडे पैसे देऊन तिथेच जोडून घेतलं असतं तर आज मुलगी ड्रॉइंग करत बसली असती. वॉरंटीची जबाबदारीही त्याची. हौसेला मोल नाही हे मान्य, पण...

सड्यावरचा
काका, हौस तर होतीच. शिवाय पुढे ग्राफिक कार्ड घालायची वेळ येईल तेव्हा तिला तिचं करता आलं पाहिजे. मी मुंबईला डबा घेऊन किती वेळा जाऊ?

कोथरूडचा_काका
रत्नागिरीत दुकानं नाहीत?

सड्यावरचा
आहेत. त्यातल्याच एकाने फोनवर "बोर्ड गेला" सांगितलं. :)

आप्पा_सांगलीकर
अवांतर: तुम्हाला एक हिरवी वायर शोधायची आहे तर आजची पोरं दमली. आमच्या एटी काळात (एटीएक्सच्या आधीचं माप) पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची जाड वायर यायची. कव्हर काढून काम करताना हात चुकला तर खेळ खल्लास. आणि बोर्डाला वीज द्यायचे कनेक्टर दोन, पी-८ आणि पी-९. दिसायला सारखे, उलटसुलट बसायचे. काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, हे पाठ करून ठेवलं होतं. उलटं बसवलं की बोर्डाची राख.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं तेव्हा हे बटण नुसतं विनंती करणारं झालं. त्याआधी विंडोज ९५ बंद करताना काळ्या पडद्यावर भगव्या अक्षरांत 'आता बंद करायला हरकत नाही' असा निरोप यायचा, मग आपण उठून खटका बंद करायचा.

एडिसनकर
आप्पा, त्यानंतरही खेळ खल्लास करायची सोय होती. जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५/२३० चा लाल खटका असायचा. मी न्यू जर्सीतला पीसी पुण्याला आणला, खटका ११५ वरच, आणि भावाने सॉकेटमध्ये घातला. फटाक्यासारखा आवाज, खोलीभर धूर. आजी देवघरातून म्हणाली, "दिवाळीला अजून अवकाश आहे रे."

नव्या एसएमपीएसना हा खटका नसतो, १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतात. सड्यावरचा, तुमच्या मागे लाल काही नाही ना?

सड्यावरचा
नाही, फक्त चालू-बंदचं बटण आहे.

क्लिपवाली तपासणी केली. आकृती बघून १६ नंबर काळ्या वायरीला जोडला. मेन्स चालू केल्यावर टक असा बारीक आवाज आला, पण एसएमपीएसचा पंखा फिरला नाही. म्हणजे एसएमपीएसच गेला ना? बरं झालं, बोर्ड वाचला. परतीची विनंती टाकतो.

विदर्भवीर
झालं तर मग. नवा एसएमपीएस, विषय संपला.

मीटरवाली_अवंतिका
थांबा! परत पाठवू नका.

टक आवाज म्हणजे आतला रिले. तो वाजला म्हणजे आत काहीतरी सुरू झालंय. बऱ्याच गोल्डवाल्या एसएमपीएसचा पंखा भार कमी असेपर्यंत मुद्दाम बंद राहतो. काही मॉडेलना त्यासाठी मागे इको किंवा हायब्रिड लिहिलेलं छोटं बटण असतं. क्लिप लावल्यावर भार जवळपास शून्य, मग पंखा कशाला फिरेल?

मीटर आहे ना? क्लिप लावलेलीच ठेवा आणि साटा किंवा मोलेक्स (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) कनेक्टरवर १२ व्होल्ट मोजा. मोलेक्सला पिवळी आणि काळी. ११.४ ते १२.६ मध्ये आलं तर ठीक. ५ ची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. यातून इतकंच कळतं की भार नसताना तो बरा आहे. भार पडल्यावर कोसळणारेही असतात. पण तुमच्या लक्षणाला एवढी परीक्षा पुरे.

वीजमीटर
+१. पंखा फिरला नाही म्हणून धडधाकट एसएमपीएस परत पाठवणारे मी बघितलेत. बदलून दुसरा येतो, त्याचाही पंखा फिरत नाही, मग माणूस कंपनीला शिव्या घालतो.

एक सूचना सगळ्यांसाठी. काही झालं तरी एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सवातीनशे ते चारशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात.

नागपुरी_संत्रा
आणि हो भाऊ, सेमी मॉड्युलरच्या सुट्या वायरी त्याच डब्यातल्या वापरा. जुन्या एसएमपीएसची वायर बसते म्हणून लावू नका. ड्राइव्हकडचं टोक सगळ्यांचं सारखं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र काही नियम नाही. कंपनीगणिक पिनांची मांडणी बदलते. माझ्या मित्राच्या दोन हार्डडिस्क अशाच गेल्या, एका रात्रीत.

खवचट_मुंगी
गोल्ड रेटिंग आहे म्हणजे एसएमपीएस चांगलाच असणार, असं समजून चाललंय का सगळे?

वीजमीटर
मुंगी, चावलीस पण बरोबर जागी. गोल्ड, ब्रॉन्झ हे फक्त वीज किती वाया जाते त्याचं माप. आतले भाग किती टिकतील, शॉर्ट झाल्यावर तो वेळेत बंद पडेल का, याचा त्या बिल्ल्याशी संबंध नाही.

सड्यावरचा
अवंतिकाताई, वाचवलंत. १२ ची लाइन १२.१ दाखवते, ५ ची ५.०५. परतीची विनंती रद्द केली.

मग लेक म्हणाली आता थांबायचं नाही. लॅमिंग्टनकरांच्या पद्धतीने सगळं बाहेर काढलं, बोर्ड खोक्यावर, एक पट्टी रॅम, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि... कूलरचा पंखा फिरला! स्क्रीन जोडली नव्हती, लगेच बंद केलं. म्हणजे बोर्डही जिवंत.

लॅमिंग्टनकर
बोललो होतो! स्टँडऑफ. बाहेर चालतं, आत चालत नाही, दुसरं काय असणार? बोर्डाच्या भोकांशी स्टँडऑफ मोजून जास्तीचा काढून टाका. मागच्या आयओ पट्टीचे (पोर्टभोवतीच्या पत्र्याचे) पत्र्याचे कान एखाद्या पोर्टमध्ये घुसलेत का तेही बघा.

मीटरवाली_अवंतिका
लॅमिंग्टनकर दादा, मान्य करायला मला आवडलं असतं, पण निष्कर्ष घाईचा आहे. बाहेर काढताना एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. कॅबिनेटचा पत्रा गेला, आणि कॅबिनेटचं बटणही गेलं. बाहेर त्यांनी स्क्रूड्रायव्हर वापरला, बटण नाही. दोष पत्र्यात की बटणात, हे यातून ठरत नाही.

म्हणून म्हणत होते की आत असतानाच स्क्रूड्रायव्हरने करून बघा.

लॅमिंग्टनकर
ताई, बटण खराब निघायची उदाहरणं किती? हजारात एखादं.

मीटरवाली_अवंतिका
हजारातलं एखादं कुणाच्या तरी घरी जातंच की. बटणाची वायर लावून मीटरची पीप ऐकायला अर्धा मिनिट लागतो. स्टँडऑफ मोजायला बोर्ड परत काढावा लागतो.

वीजमीटर
दोघांचंही करा. नाहीतरी बोर्ड आता बाहेरच आहे, स्टँडऑफ मोजून घ्या. बटणाची वायर मीटरच्या पीपवाल्या खुणेवर धरा. दाबल्यावर वाजलं पाहिजे आणि सोडल्यावर थांबलं पाहिजे. दाबूनही वाजलं नाही तर बटण किंवा वायर तुटकी. न दाबताच वाजत राहिलं तर बटण अडकलेलं; तेव्हाही पीसी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद पडतो, कारण बोर्डाला वाटतं तुम्ही बटण दाबून धरलंय.

कोथरूडचा_काका
कबूल करतो, आता मजा यायला लागली आहे. पुढे काय झालं?

नागपुरी_संत्रा
काका धाग्यात अडकले.

तोवर माझा एक प्रश्न. माझ्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. इकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, स्वेटर काढताना तडतडतं, तसलंच काही असेल का?

वीजमीटर
तडतड एकदाच होते आणि संपते. हात ठेवल्यावर सतत मुंग्या येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा मधल्यामध्ये, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या मुंग्या. तरी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तो आजच फेका.

नागपुरी_संत्रा
...लावला आहे. फेकतो.

सड्यावरचा
निकाल ऐका मंडळी.

स्टँडऑफ मोजले. बोर्डाला जितकी भोकं तितकेच, जास्तीचा एकही नाही. आयओ पट्टीचे कानही जागेवर. पॉवर बटणाची वायर मीटरला लावली, दाबलं, दाबून धरलं, वाकडं करून दाबलं, पीप नाही. रीसेट बटणाची वायर लावली, दाबलं की पीप, सोडलं की बंद.

बोर्ड परत आत बसवला. लेकीने स्वतःच डोकं चालवलं आणि रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. दाबलं. चालू!

मीटरवाली_अवंतिका
लेकीला शाबासकी. त्या दोन्ही बटणांत काही फरक नसतो, दोन्ही नुसत्या दोन वायरी जोडतात. उलट लावल्या तरी चालतं. दिव्यांच्या वायरींना मात्र अधिक-उणे असतं.

लॅमिंग्टनकर
हजारातलं एक रत्नागिरीलाच मिळालं. अवंतिकाताईंना एक चहा लागू.

गोंधळी
मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं की बटण बघा. कुठलं ते सांगितलं नव्हतं इतकंच.

खवचट_मुंगी
गोंधळी यांना भविष्य सांगायचं दुकान काढायला हरकत नाही.

सड्यावरचा
आनंद अर्धाच. पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी. बोर्डावर डीरॅम लिहिलेला दिवा पिवळा लागून राहिलाय. एचडीएमआय बोर्डालाच जोडली आहे. विदर्भवीर, आता खोडरबर आणू का?

वीजमीटर
काहीही आणू नका, काहीही काढू नका, बंद तर मुळीच करू नका. एएम५ (तुमच्या रायझनचं सॉकेट) आणि डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात. कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. लोक घाबरून बंद करतात आणि मग ते पहिल्यापासून सुरू होतं. चहा करून या.

दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना? बोर्डाच्या पुस्तकात ए२ आणि बी२ लिहिलेलं असेल.

सड्यावरचा
दुसऱ्या आणि चौथ्यातच आहेत. चहा ठेवला.

सड्यावरचा
आली! बायॉस आली! रॅम ३२ जीबी दिसते, प्रोसेसरचं नाव दिसतं, तापमान ठीक दाखवतं. चहा उतू गेला पण हरकत नाही.

विदर्भवीर
अभिनंदन. खोडरबर जपून ठेवा, कधी लागेल सांगता येत नाही.

मीटरवाली_अवंतिका
मस्त! विंडोज टाकून झालं की बायॉसमध्ये एक्स्पो (रॅमच्या वेगाचं सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने न चालता मूळच्या कमी वेगानेच चालेल. त्यानंतर पुन्हा एकदा तशीच काळी स्क्रीन थोडा वेळ दिसेल, तेव्हा इथे धागा काढू नका.

कोथरूडचा_काका
आता कॅबिनेटचं काय? विकणाऱ्याकडून बदलून घ्या, नवीन वस्तू आहे.

सड्यावरचा
विचारलं. ते म्हणतात पूर्ण कॅबिनेट मूळ खोक्यात घालून पाठवा. म्हणजे सगळं परत बाहेर. लेक नको म्हणते. रीसेट बटण तिने आजवर कधी वापरलेलंच नाही, त्यामुळे तेच पॉवर म्हणून चालवू. जुन्या कॅबिनेटमधलं बटण काढून आत बसतं का ते गणपतीच्या सुट्टीत बघीन.

लॅमिंग्टनकर
बटण नुसतंही मिळतं, वायरीसकट. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा आमच्याकडे लॅमिंग्टन रोडला चिल्लर पैशांत. पण रीसेटवर चालतंय तर राहू द्या, बोर्डाला काही फरक पडत नाही.

नवा_सभासद_७
उत्तम धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली). माझीही अशीच अडचण आहे. इंटेलचा १२४००एफ घेतला, पंखे फिरतात, दिवे लागतात, एचडीएमआय बोर्डाला लावली तर स्क्रीन काळी. बोर्डावर व्हीजीएचा (ग्राफिक्सचा) दिवा लागलेला आहे. तासभर चहा पीत बसलो, काही झालं नाही. ग्राफिक कार्ड अजून घेतलेलं नाही. मेमरी ट्रेनिंगला इतका वेळ लागतो का?

वीजमीटर
नावातला एफ बघा. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. चहा पुरे, कुणाचं तरी जुनं कार्ड मागून आणा.